विचारविनिमयाची तीन साधने : पत्रयादी, वृत्तगट आणि चर्चापीठ

परस्परांपासून दूर असलेल्या, परंतु एकाच कामात गुंतलेल्या माणसांनी विचारविनिमय कसा करावा, हा प्रश्न प्रशासनाला वा शिक्षणक्षेत्राला नवा नाही. तालुक्यातील शाळांचे शिक्षक वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी प्रशिक्षणासाठी एकत्र येतात. ग्रामपंचायतींचे अधिकारी आणि सरपंच पंचायत समितीच्या सभेत भेटतात. मधल्या काळात परिपत्रके येतात. पण परिपत्रक एकाच दिशेने वाहते. पाणीपुरवठा योजनेच्या वीजबिलाचा तिढा एका गावाने कसा सोडवला, हे शेजारच्या तालुक्यातील गावास कळण्याची सोय त्यात नसते. संगणकांच्या जाळ्याने ही सोय उपलब्ध करून दिली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली आहेत. या अर्धशतकात समूहचर्चेची तीन प्रमुख रूपे पुढे आली : पत्रयादी, वृत्तगट आणि संकेतस्थळावरील चर्चापीठ. कोणते साधन कोणत्या कामाला उपयोगी पडते, याचा विचार न करता केवळ ‘सर्वजण तेच वापरतात’ म्हणून निवड केली, तर काय गमवावे लागते हेही या काळात पुरेसे स्पष्ट झाले आहे.

तिघांमधील मूळ भेद गावाच्या व्यवहारातून सहज समजण्यासारखा आहे. पत्रयादी म्हणजे पोस्टमन. एकाने लिहिलेले पत्र यादीतील प्रत्येकाच्या दारी पोहोचते. वाचणाऱ्याला कोठे जावे लागत नाही. चर्चापीठ म्हणजे चावडी. बोलणे तेथेच होते, तेथेच राहते. ऐकायचे असेल त्याने उठून चावडीवर जावे. वृत्तगटाचा प्रकार या दोहोंहून वेगळा आहे. एकाच सूचनाफलकाच्या नकला गावोगाव लावल्या आहेत आणि एका फलकावर कोणी चार ओळी लिहिल्या की त्या यथावकाश सर्व गावांच्या फलकांवर उमटतात, अशी कल्पना केली म्हणजे वृत्तगटाचे स्वरूप ध्यानात येते.

दारी येणारे पत्र

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये यशस्वी केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७५ मध्ये, अर्पानेट या जाळ्यावर ‘मेसेज ग्रुप’ नावाची पत्रयादी सुरू झाली. या यादीवरील चर्चेचा विषय मोठा मौजेचा होता : संगणकीय पत्राची व्यवस्था कशी असावी, हाच! साधन वापरता वापरता साधनाचे नियम ठरविण्याचा तो प्रकार होता.

आरंभीच्या याद्या हाताने चालत. कोणाचे नाव घालावयाचे, कोणाचे काढावयाचे, हे एक माणूस पाहत असे आणि सदस्य वाढले की तो थकून जाई. १९८६ मध्ये पॅरिसमधील एरिक थॉमस या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ ही आज्ञावली तयार करून हे काम यंत्राकडे सोपविले. यादीच्या पत्त्यावर आलेले पत्र सर्वांना वाटणे, नवे नाव नोंदणे, जुने काढणे, पत्रांचा संग्रह ठेवणे, हे सर्व तेव्हापासून आपोआप होऊ लागले.

पत्रयादीचे खरे बळ तिच्या साधेपणात आहे. मंद गतीच्या जोडणीवरही पत्र पोहोचते. वीज नसताना आलेली पत्रे नंतर सवडीने वाचता येतात. शिवाय प्रत्येक सदस्याकडे चर्चेची स्वतःची प्रत राहते, ही गोष्ट पुढे किती मोलाची ठरते ते येईलच. लिनक्स या जगप्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या गाभ्याचे काम जगभरातील हजारो जाणकार मिळून करतात. त्यांच्या चर्चेचे मुख्य साधन आजही पत्रयादी हेच आहे. अद्ययावत तंत्र घडविणारी माणसे इतके जुने साधन सोडत नाहीत, यावरून नवे ते सरस असा समज करून घेणे किती धोक्याचे आहे हे दिसते.

अर्थात, या साधनाचे जाचही आहेत. दहा सदस्य उत्साहाने लिहू लागले की उरलेल्या दोनशेंच्या पेटीत पत्रांचा ढीग साचतो. यावर दिवसभराच्या पत्रांची एकत्र गड्डी करून एकदाच पाठविण्याची सोय असते, तिचा वापर अवश्य करावा. दुसरा जाच अधिक नाजूक आहे. ‘उत्तर द्या’ ही कळ दाबल्यावर उत्तर फक्त लिहिणाऱ्याला जावे की साऱ्या यादीला, हे यादीचा व्यवस्थापक ठरवितो. ते सर्वांना जाण्याची व्यवस्था असेल, तर वरिष्ठांविषयी मित्राला खाजगीत लिहिलेला शेरा वरिष्ठांसह सर्वांच्या हाती पडतो. उलट, ते केवळ लिहिणाऱ्याला जात असेल, तर चांगली उत्तरे यादीपर्यंत पोहोचत नाहीत आणि चर्चा मुकी होते. हा वाद पत्रयादीइतकाच जुना आहे. कार्यालयीन यादीसाठी पहिल्या अनर्थापेक्षा दुसरी गैरसोय पत्करलेली बरी.

मालक नसलेला फलक

वृत्तगटांचे जाळे ‘यूजनेट’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना त्याची कल्पना १९७९ मध्ये सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन याने त्याची पहिली आज्ञावली लिहिली आणि १९८० पासून हे जाळे इतरांस खुले झाले. अर्पानेटवर प्रवेश मिळणे तेव्हा मोजक्या संस्थांनाच शक्य होते. यूजनेटला मात्र संगणक, दूरध्वनी आणि तो जोडणारे यंत्र एवढे पुरे. रात्री दूरध्वनीचे दर कमी असत, तेव्हा एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, नवे संदेश देई-घेई आणि दुसरा तिसऱ्याला ते पोहोचवी. गरिबांचे अर्पानेट असे त्याला म्हणत, ते यामुळेच.

या व्यवस्थेला मालक नव्हता. प्रत्येक संस्था आपला फलक आपल्या यंत्रावर ठेवी. तथापि मालक नाही म्हणजे नियम नाहीत असे मुळीच नव्हते. १९८६-८७ मध्ये सर्व गटांची विषयवार फेरमांडणी करण्यात आली आणि संगणक, विज्ञान, समाज, मनोरंजन इत्यादी सात मुख्य शाखा पाडण्यात आल्या. नवा गट स्थापावयाचा तर आधी प्रस्ताव मांडून चर्चा करावी लागे आणि मग मतदान होई. अनुकूल मते एकूण मतांच्या दोन-तृतीयांश असावीत आणि ती प्रतिकूल मतांपेक्षा किमान शंभरने अधिक असावीत, असा दंडक रूढ झाला होता. ठराव, चर्चा आणि मतदान यांची सवय असलेल्या पंचायत सदस्यांना यात ओळखीचे बरेच काही आढळेल. विश्वव्यापी जालाची माहिती टिम बर्नर्स-ली यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये सर्वांपुढे मांडली, ती अशाच एका वृत्तगटात. आणि त्याच महिन्यात लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या प्रणालीची पहिली वार्ता दिली, तीही दुसऱ्या एका वृत्तगटात.

या व्यवस्थेचा ऱ्हास मात्र शिकण्यासारखा आहे. विद्यापीठांत दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, काही आठवडे रीतभात सोडून लिहीत आणि जुन्यांकडून हळूहळू ती शिकत. १९९३-९४ मध्ये व्यापारी सेवांनी आपल्या लक्षावधी ग्राहकांना वृत्तगटांची दारे उघडून दिली. नवागत इतक्या संख्येने आले की त्यांना रीत शिकविण्यास जुने लोक पुरेनात. तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे जाणते लोक खेदाने म्हणतात. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी स्थलांतरितांच्या परवान्याविषयीची आपली एकच जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. तिला आवर घालण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. बहुसंख्य गटांवर निरीक्षक नसत आणि जेथे फलक सर्वांचा तेथे तो पुसण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असे घडले. आज नव्या समूहाने वृत्तगट निवडावा असे कोणी म्हणणार नाही.

चावडीवरचे बोलणे

जालाचा प्रसार झाल्यावर १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास संकेतस्थळांवरील चर्चापीठे पुढे आली. येथे सर्व संदेश एकाच ठिकाणी, विषयांच्या शीर्षकांखाली रचलेले असतात. नवा सदस्य आला तरी त्याला आरंभापासूनचे सारे वाचता येते. शोध घेता येतो. आक्षेपार्ह मजकूर काढून टाकण्याचा अधिकार नेमलेल्या संपादकाकडे असतो. ज्याला शेतीविषयक चर्चेत रस आहे, त्याला परीक्षांविषयीची पत्रे चाळावी लागत नाहीत.

याची किंमत अशी की, सदस्याने तेथे जाण्याची सवय लावून घेतली पाहिजे. कित्येक चर्चापीठे मोठ्या समारंभाने उघडली जातात, तीस-चाळीस विभाग पाडले जातात आणि प्रत्येक विभागात दोन-दोन संदेश पडून राहतात. रिकाम्या चावडीवर कोणी फार वेळ बसत नाही. म्हणून प्रारंभी दोन-तीनच विभाग ठेवावेत. गर्दी झाली की वाढवावेत. दुसरे म्हणजे, चर्चापीठाला यंत्र लागते, जागेचे भाडे लागते, आज्ञावलीची वेळोवेळी दुरुस्ती लागते. ही देखभाल थांबली की जाहिरातबाज आणि उपद्रवी लोक शिरतात. इमारत बांधण्यास अनुदान मिळते, पण झाडलोटीची तरतूद नसते, हा अनुभव पंचायतींना नवा नाही.

मराठी भाषकांचा आणि गोमंतकीयांचा अनुभव

भारतात इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारण्यास आरंभ केला, तेव्हा त्यातील संस्थांत मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचा समावेश होता. सर्वसामान्य नागरिकास महाजालाची सेवा मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यामुळे मराठी समूहचर्चेची सुरुवात प्रामुख्याने परदेशस्थ मराठी माणसांकडून झाली, हे स्वाभाविकच होते.

या तिन्ही साधनांचा अनुभव आपल्या लोकांनी घेतलेला आहे. गोमंतकीयांची ‘गोवानेट’ ही पत्रयादी १९९४ मध्ये सुरू झाली. आखात, युरोप, उत्तर अमेरिका अशा ठिकाणी विखुरलेल्या समाजाला दारी येणारे पत्र सोयीचे वाटले, यात नवल नाही. यूजनेटच्या समाजशाखेत ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ असा मराठीचा वृत्तगट होता. आणि १९९६ मध्ये ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावरील चर्चेचा विभाग ‘हितगुज’ या समर्पक नावाने लोकप्रिय झाला. पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’ आणि २००७ मध्ये ‘मिसळपाव’ ही स्थळे आली.

मराठीच्या दृष्टीने चर्चापीठाची बाजू वरचढ ठरली, याचे एक कारण लिपी हे आहे. जुन्या पत्रांत आणि वृत्तगटांत केवळ रोमन अक्षरे निर्धोक जात. देवनागरीत लिहिलेले दुसऱ्या टोकाला चिन्हांचा गोंधळ होऊन उतरे. म्हणून मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई आणि ‘कल’ की ‘काळ’ हे वाचकाने संदर्भाने ठरवावे लागे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले आणि युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु घरोघरच्या संगणकांवर ते रुळण्यास आणखी दहा-पंधरा वर्षे गेली. चर्चापीठाच्या चालकाला आपल्या स्थळापुरती लिपीची सोय स्वतः करून देता येत होती. पत्रयादीच्या चालकाला सदस्याच्या यंत्रावर काहीच अधिकार नव्हता. ही अडचण आज उरलेली नाही. तेव्हा मराठीसाठी पत्रयादी गैरसोयीची, हा जुना समज आता सोडून देण्यास हरकत नाही.

प्रश्न, उत्तरे आणि सारांश

विकासकार्याच्या दृष्टीने सर्वांत अभ्यासनीय उदाहरण संयुक्त राष्ट्रसंघाच्या भारतातील संस्थांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘सोल्यूशन एक्स्चेंज’ या उपक्रमाचे आहे. विकेंद्रीकरण, पाणी व स्वच्छता, माता-बालकांचे आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर स्वतंत्र पत्रयाद्या चालविण्यात आल्या. त्यांत शासकीय अधिकारी, स्वयंसेवी कार्यकर्ते, संशोधक असे सर्व प्रकारचे लोक होते. साधन अगदी साधे, म्हणजे पत्र हेच. परंतु त्यामागील शिस्त विचारपूर्वक बांधलेली होती.

सदस्याने आपला प्रश्न थेट यादीवर टाकावयाचा नाही. तो प्रथम त्या गटाच्या संचालकाकडे जाई. संचालक प्रश्नाची भाषा नेमकी करून देई, कारण ‘ग्रामसभेला लोक येत नाहीत, काय करावे?’ या प्रश्नाला उत्तरेही तितकीच मोघम येतात. ‘शेतीच्या हंगामात मजूर स्त्रियांना सोयीची होईल अशी सभेची वेळ कोणी ठरविली आहे काय, आणि तिचा परिणाम काय झाला?’ असे विचारले की अनुभव सांगणारा पुढे येतो. ठराविक मुदतीत उत्तरे मागविली जात. मुदत संपली की संचालक आणि त्याचा संशोधन-साहाय्यक सर्व उत्तरांचा सारांश, निरनिराळ्या ठिकाणांचे अनुभव आणि संदर्भसाहित्य एकत्र करून एक संकलित उत्तर तयार करीत व ते सर्वांना पाठवीत. ज्याला रोजची पत्रे वाचण्यास सवड नाही, त्यालाही या एका उत्तरातून सार मिळे.

यातील मर्म असे की, समूहचर्चेत खर्च यंत्रावर कमी आणि माणसावर अधिक होतो. हा उपक्रम ज्यांच्या बळावर चालला ते संचालक पूर्णवेळ नेमलेले होते. हौसेवर चालणाऱ्या यादीला एवढे जमणार नाही. पण गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयातील एखाद्या उत्साही साधनव्यक्तीस आठवड्यातील एक दुपार या कामासाठी दिली, तरी महिन्याला एक संकलित उत्तर निघू शकेल.

नोंदी हरवतात तेव्हा

यूजनेटचे अगदी आरंभीचे संदेश आज उपलब्ध आहेत, ते एका योगायोगामुळे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात काम करणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून दहा वर्षे वृत्तगटांतील मजकूर चुंबकीय फितींवर साठवून ठेवला. १४१ फिती आणि सुमारे वीस लाख संदेश! २००१ मध्ये गूगल कंपनीने जुना संग्रह विकत घेतला आणि त्याच वर्षाअखेर या फितींतील मजकूरही त्यात घातला. प्रती अनेक ठिकाणी असल्यामुळे त्या कोणाच्या तरी कपाटात उरल्या.

याच्या उलट कथा याहू ग्रुप्सची आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील असंख्य माजी विद्यार्थी संघ, शिक्षकगट, साहित्यप्रेमी मंडळे यांनी तेथे विनामूल्य पत्रयाद्या उघडल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जुना मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले. प्रती उतरवून घेण्यास सदस्यांना थोड्या महिन्यांची मुदत मिळाली. १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद झाली. ज्या गटांचे चालक जागरूक होते त्यांनी संग्रह वाचविला. ज्यांचे चालक निवृत्त झाले होते वा परवलीचा शब्द विसरले होते, त्यांची वर्षानुवर्षांची चर्चा नाहीशी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनेही आपल्या सेवेतून यूजनेटवर नवे संदेश पाठविण्याची सोय बंद केली. जुना संग्रह तेवढा पाहता येतो. फुकटच्या जागेत थाटलेले बिऱ्हाड मालकाच्या मर्जीवर असते, हे विसरून चालत नाही.

निवड करताना

आज बहुतेक कार्यालये आणि शाळा भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपचे गट वापरतात. तातडीच्या निरोपाला ते उत्तम आहेत : उद्या टँकर येणार नाही, परीक्षा पुढे ढकलली, नदीला पूर आला. ते दवंडीचे काम होय. परंतु दवंडीलाच दप्तर समजण्याची चूक सर्रास होत आहे. सकाळच्या शुभेच्छांखाली महत्त्वाचा खुलासा दडपला जातो. विषयवार मांडणी नाही. उशिरा आलेल्या सदस्याला गटाचा पूर्वीचा सारा इतिहास मिळत नाही. आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या भ्रमणध्वनीतील सर्व चर्चाही जाते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत असे सांगते. ज्या चर्चेतून निर्णय होतात ती चर्चा खाजगी यंत्रांत विखुरलेली ठेवणे या कलमाच्या हेतूशी सुसंगत म्हणता येणार नाही.

म्हणून प्रथम पाहावे ते सदस्यांची संख्या व सवय. पन्नास-शंभर मुख्याध्यापकांचा गट असेल, त्यांना कार्यालयीन पत्रे संगणकावर पाहण्याची सवय असेल, तर पत्रयादी पुरेशी आहे. चर्चापीठ उभारून त्यांना नव्या दाराशी जाण्यास सांगू नये. जिल्ह्यातील हजारो शिक्षक निरनिराळ्या विषयांवर लिहिणार असतील, एकच प्रश्न दरवर्षी नव्या माणसाकडून विचारला जाणार असेल आणि जुनी उत्तरे शोधून वाचण्यातच खरा लाभ असेल, तर मात्र चर्चापीठच हवे. त्यासाठी किमान दोन संपादक आणि देखभालीची वार्षिक तरतूद आधी निश्चित करावी; ती नसेल तर चर्चापीठाचा विचार सोडून द्यावा. दोन्हींचा मिलाफही शक्य आहे : चर्चा स्थळावर राहते आणि तिची प्रत पत्राने सदस्यांच्या दारी येते. अशी सोय असलेल्या आज्ञावली उपलब्ध आहेत आणि जेथे शक्य असेल तेथे त्यांनाच अग्रक्रम द्यावा.

चर्चा खुली असावी की बंदिस्त, हेही लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. विद्यार्थ्याचे नाव, लाभार्थ्याचा आजार, तक्रारदाराची ओळख या गोष्टी सर्वांना दिसणाऱ्या ठिकाणी एकदा लिहिल्या गेल्या की परत घेता येत नाहीत. पत्रयादीवर तर चालकालाही त्या पुसता येत नाहीत, कारण पत्रे केव्हाच दोनशे पेट्यांत जाऊन पडलेली असतात. चर्चापीठावर त्या काढता येतात, हा त्याचा एक मोठा गुण मानावा लागेल.

वृत्तगट नव्याने उघडण्याचे कारण उरले नाही, तरी प्रती अनेक ठिकाणी ठेवण्याची त्याची रीत सहज उचलण्यासारखी आहे. गटाचा संग्रह दर तीन महिन्यांनी उतरवून घ्यावा. एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर आणि दुसरी अन्य गावी, शक्यतो जिल्हा ग्रंथालयात वा अध्यापक विद्यालयात ठेवावी. चालकाच्या खात्याचा परवलीचा शब्द एकाच व्यक्तीच्या स्मरणावर न सोडता मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे द्यावा आणि बदली झाल्यावर कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत, कपाटाच्या किल्ल्यांच्या खालीच, त्याची नोंद करावी.